खाजामियाँची घोरपड

नांदेडला देगलूर नाक्याच्या अलीकडं ‘खाजा आर्ट्स’ नावाचं पत्र्याचं शेड आहे. शेडपुढं एक बसलेला हत्ती, दोन हरणं आणि बिनमानेचा एक मोर कायम उभे असतात. मोराची मान पुढच्या जुम्म्यापर्यंत बसेल, असं मी सतरा वर्षांपासून ऐकतो आहे. या सगळ्या प्राण्यांचे जन्मदाते खाजामियाँ आत स्टुलावर बसलेले असतात. वय त्रेसष्ट, दाढी मेंदीनं लाल, बोटांना कुठला ना कुठला रंग, आणि डोक्यात कुणाचा ना कुणाचा बदला.

खाजामियाँ अपमान विसरत नाहीत. घरोघरी बायका कैरी दाबतात तसा ते अपमान बरणीत दाबून ठेवतात, वरून तेल सोडतात, आणि चांगला मुरला की बाहेर काढतात. उमरीच्या एका हॉटेलवाल्यानं त्यांच्या वाघाला एकदा ‘मांजर’ म्हटलं होतं. खाजामियाँ हसले, चहा प्यायले आणि निघून आले. दोन वर्षांनी त्याच हॉटेलवाल्यानं मटणाच्या बोर्डावर बोकड रंगवायला बोलावलं. खाजामियाँनी इतका मन लावून बोकड रंगवला की तो कुणासारखा दिसतो हे अख्ख्या उमरीनं पहिल्या दिवशी ओळखलं. ओळखलं नाही ते फक्त मालकानं. तो बिचारा अजून त्या बोर्डाखाली गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाईक आत येतानाच का हसतं, याचा विचार करतो.

फायबरचे प्राणी येण्याआधी खाजामियाँ माणसं रंगवत. त्यातही त्यांचं नाव होतं ते मयतांच्या चित्रांत. जुन्या काळी खेड्यापाड्यांत किती तरी माणसं एकही फोटो न काढता मरून गेली. पुढं मुलं शिकली, पक्की घरं झाली, आणि भिंतीवर हार घालायला वडील नाहीत, असं लक्षात आलं. मग ती माणसं खाजामियाँकडं येत. खाजामियाँची अट एकच. सगळे नातेवाईक घेऊन यायचे.

शेडमध्ये लांब बाकडं होतं. त्यावर मुलं, भाऊ, चुलते, आत्या ओळीनं बसायच्या आणि खाजामियाँ हाजरी घेतल्यासारखं विचारायचे, “कान कुणावर गेले? पुढं या. नाक? दोन दोन जण उठू नका, एकच नाक लागतंय.” अशानं कपाळ थोरल्याचं, हनुवटी आत्याची, कान चुलत्याचे, असं करत मेलेला माणूस जिवंत नातेवाइकांतून गोळा व्हायचा. शेवटी त्याची बायको बघायची. ती “हाव” म्हणाली की चित्र झालं. एका गोष्टीचीच कायम अडचण यायची. डोळे कुणालाच आठवत नसत. तिथं खाजामियाँ काय करत, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

आता आपण २०१७ च्या जानेवारीत लातूरला जाऊ, कारण आपल्या गोष्टीची कैरी तिथं चिरली गेली.

लातूरच्या एका निवासी शाळेनं खाजामियाँना बागेत डायनासोर करायला सांगितला. खाजामियाँनी आयुष्यात डायनासोर पाहिला नव्हता, पण हे कारण त्यांना पुरेसं वाटलं नाही. माळेगावच्या जत्रेतला एक रबरी डायनासोर त्यांनी समोर ठेवला. कातडी कशी असेल हे समजावं म्हणून अर्धापूरकडच्या शिवारात तीन दिवस घोरपडी बघत बसले. मग सळया वाकवल्या, जाळी बांधली, फायबर चढवलं. अठरा फुटांचं हिरवंगार जनावर तयार झालं. ते माणसासारखं ताठ उभं होतं, शेपटी जमिनीवर टेकलेली, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर आताच कुणीतरी त्याच्या वाघाला मांजर म्हटल्यासारखा भाव.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून प्रा. गुरुबसप्पा हत्तरगे आले. हत्तरगे सर मूळचे निलंग्याकडचे, भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सरळ माणूस, पण बोलताना दर तिसऱ्या वाक्याला “पुरावा?” असं विचारणारा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जमिनीतून ज्वालामुखी निघणार अशा अफवा उठल्या, तेव्हा सर सायकलवरून गावोगाव फिरले आणि लोकांना पुरावा विचारून विचारून त्यांनी अफवा दमवल्या. लोक अजून त्यांचे उपकार मानतात. मात्र जेवायला कुणी बोलावत नाही. एका लग्नात यजमान म्हणाले, “सर, जिलेबी शुद्ध तुपातली आहे,” आणि सरांनी जे विचारायचं तेच विचारलं.

तर सरांनी पडदा ओढला, चष्मा वर केला, जनावराभोवती एक फेरी मारली आणि माईक हातात घेतला.

“विद्यार्थी मित्रांनो,” सर म्हणाले, “हा डायनासोर नाही. ही सुजलेली घोरपड आहे.”

चारशे मुलं हसली. मुलं हसली म्हणून शिक्षक हसले, शिक्षक हसले म्हणून संस्थाचालकही हसले. पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेल्या खाजामियाँच्या मांडीवर नारळ होता. तो त्यांनी घट्ट धरला.

“ही शेपटी जमिनीवर कशी?” सर पुढं म्हणाले. “या प्राण्यांच्या पावलांचे ठसे खडकात सापडलेत. शेपटी ओढल्याची रेघ त्यात जवळपास कुठंच नाही. शेपटी वर होती, जमिनीला समांतर. हा हिरवा रंग कुठून आला? पुरावा? कलाकाराचा अंदाज म्हणजे विज्ञान नव्हे, हे लक्षात ठेवा.”

इथवर झालं असतं तर बरणी लहान लागली असती. पण सरांनी जाताना संस्थेला सल्ला दिला की मुलांचा गैरसमज नको, खाली तशी पाटी लिहा. आता पाटी लिहायला पेंटर कुठून आणणार? पेंटर समोरच होता. ‘खाजा आर्ट्स, नांदेड’ ही पितळी रंगातली पाटी आधीच बसवलेली होती. तिच्यावरच्या मोकळ्या जागेत, संस्थाचालकाच्या देखरेखीखाली, खाजामियाँनी स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘हे शिल्प काल्पनिक आहे.’ वाईट अक्षर काढता येत नाही हे त्यांचं दुर्दैव. शत्रूचं वाक्यही त्यांनी वळणदार काढलं आणि ‘ल्प’ला खाली छान शेपटी सोडली.

सुजलेली घोरपड लातूरहून नांदेडला खाजामियाँच्या आधी पोचली. देगलूर नाक्यावर चहावाला विचारू लागला, “चाचा, घोरपडीची सूज उतरली का?” धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्यानं ठरलेला हत्ती रद्द केला. म्हणाला, “तुमचा हत्ती सुजंल न् गोदामात बसायचा न्हाई.”

घरी अमीरबी, म्हणजे त्यांच्या बेगम, म्हणाल्या, “जाऊ द्या. शिकेल माणूस है. बोलला एक लफ्ज.”

“एक न्हाई, दोन. सुजलेली न् घोरपड.”

त्यांची मुलगी सुमय्या शाळेत विज्ञान शिकवते. तिला खाजामियाँनी कामाला लावलं. “त्या सरानं जे जे म्हटलं ते खोटं हाय, हे मला काढून दे.” सुमय्यानं आठ दिवस वाचलं आणि नवव्या दिवशी सांगितलं, “अब्बा, सगळं खरं हाय.”

खाजामियाँनी दारातल्या हत्तीची सोंड फडक्यानं पुसली. मग म्हणाले, “खोटा असता तं माफ केलं असतं. खरा निघाला. आता माफी न्हाई.”

त्यानंतर सहा वर्षं या माणसानं सूड म्हणून जे वाचन केलं, तसं आमच्या विद्यापीठात कुणी पदवीसाठी केलेलं मी पाहिलेलं नाही. सुमय्या मराठी करून सांगायची, खाजामियाँ भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायचे. कुठल्या हाडावर स्नायू चिकटल्याची खूण असते. चीनमध्ये खडकात पिसांचे ठसे कसे सापडले, आणि त्या पिसांतले रंगाचे कण भिंगाखाली बघून एका छोट्या डायनासोरच्या शेपटीवर तांबडे-पांढरे पट्टे होते हे कसं ठरवलं. हे कळलं त्या दिवशी खाजामियाँनी ब्रश खाली ठेवला. “म्हंजी रंगाचासुद्दा पुरावा मिळतोय,” ते म्हणाले, जणू रंगानं त्यांच्याशी दगाबाजी केली होती. पण एवढं झाल्यावरही डोळ्यांचा रंग, आवाज, बहुतेकांची कातडी, हे सगळं अंदाजच असतं, असंही सुमय्या म्हणाली. मग शास्त्रज्ञ काय करतात? तर जिवंत नातेवाईक बघतात. एकीकडं मगर, दुसरीकडं पक्षी. दोघांत जे आहे ते मेलेल्यातही असावं असं धरतात.

“मगर न् पक्षी बाकड्यावर बसवून?” खाजामियाँनी विचारलं.

“तसंच म्हणा.”

“अगं, ह्ये तं मी पंचवीस वर्षं केलं.”

२०२३ साली संधी आली. अर्धापूरच्या शेषेरावांनी केळीच्या मळ्यात रस्त्याला लागून हॉटेल टाकलं होतं. समोरच्या हॉटेलवाल्यानं जिराफ उभा केल्यामुळं शेषेरावांची झोप उडाली होती. जिराफाला दाबेल असं काहीतरी हवं होतं. खाजामियाँनी राजासॉरस निवडला. गुजरातेत नर्मदेकाठी ज्याची हाडं सापडली तो, कपाळावर बुटकं शिंग असलेला, आपल्याच मातीतला. बावीस फूट लांबी, पाठ सरळ, शेपटी हवेत. आणि रंग तीनच. ज्या भागाची हाडं खरोखर सापडलीत तो तपकिरी. जो भाग परदेशातल्या त्याच्या चुलत भावंडांवरून घेतला तो पिवळा. जिथं निव्वळ अंदाज, तो पांढरा. दोन्ही डोळे पांढरेफटक.

शेषेरावांनी ते तोंडापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, “खाजाभाई, ह्यो डायनासोर हाय का जिल्ह्याचा नकाशा?”

“ज्याच्यासाठी केला त्याला कळंल.”

“मी पैसे देऊन राहिलो, आन् केला दुसऱ्यासाठी?”

“तुमच्यासाठी जिराफापेक्षा लांब हाय. बस्स.”

उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला खाजामियाँ सुमय्याला घेऊन स्वतः लातूरला गेले. बेत साधा होता. सरांना बोलवायचं, माईक द्यायचा, एकही चूक सापडू द्यायची नाही, आणि चारचौघांत त्यांच्याच तोंडून घोरपड परत घ्यायची. वाटेत शाळेत थांबून त्यांनी “रंग द्यायला नेतो” असं वॉचमनला सांगितलं, जुन्या जनावराखालची पाटी स्क्रू काढून उतरवली आणि गोणपाटात गुंडाळून बरोबर घेतली. पाटी कशासाठी, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. पण बदल्याला जाताना माणूस रिकाम्या हातानं जात नाही.

सरांनी दार उघडलं. ओळखलंही. “अरे, घोरपडवाले ना तुम्ही? या.”

खाजामियाँ आत आले आणि हॉलच्या भिंतीकडं बघून जागीच थांबले. भिंतीवर मोठ्या चौकटीत पटका बांधलेला एक माणूस होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, दाट मिशी, ताजा हार.

“आमचे अप्पा,” सर म्हणाले. “मी चार वर्षांचा होतो तेव्हा गेले. दर सोमवारी हार घालतो, पण मला स्वतःला काही आठवत नाही. हे चित्र आहे म्हणून मला वडील आहेत म्हणा ना. फोटोवरून मोठं केलंय. अव्वानं, म्हणजे आईनं, आणि थोरल्या भावानं कुठून तरी करून घेतलं, मी तेव्हा पुण्याला होतो.”

“मूळ फोटो?” सुमय्यानं सहज विचारलं.

“तो हरवला म्हणे.”

चहा आला, गेला. खाजामियाँ आमंत्रण देऊन उठले. एसटीत बसल्यावर ते जे हसायला लागले ते अहमदपूरपर्यंत थांबले नाहीत.

“अब्बा, काय झालं?”

“ते चित्र माझं हाय. अठ्ठ्याऐंशी सालचं. फोटो न्हाईच. फोटो कधीच नव्हता. कान त्याच्या चुलत्याचे, कपाळ थोरल्याचं, मिशी त्याच्या आईनं, त्या म्हातारीनं, सांगितली, निलंग्याच्या तहसीलदारासारखी. पुरावा मागतो लोकांना. सोमवारच्या सोमवार अंदाजाला हार घालून राहिला.”

सुमय्या हसली नाही. “मग त्याला फोटोचं कुणी सांगितलं?”

इथं खाजामियाँचं हसू जरा अडखळलं. कारण त्या खोट्यात ते स्वतःही सामील होते. चित्र पूर्ण झालं तेव्हा म्हातारीनं पदरानं डोळे पुसले, “हाव, हेच,” म्हणाली, आणि जाता जाता खाजामियाँचा हात धरून बोलली होती, “बाबा, माझा धाकला, गुरू, लहानपणापासून पुरावा मागतोय. बाप कसा होता म्हणून मला लई विचारलं त्यानं. त्याला फोटोवरून काढलं म्हणूनच सांगायचं. तू बी सांगू नगंस कुणाला.” खाजामियाँ म्हणाले होते, “जबान दिली, अव्वा.”

“म्हातारी तर गेली,” खाजामियाँ आता म्हणाले.

“जबान बी गेली का?” सुमय्यानं विचारलं आणि खिडकीबाहेर बघू लागली.

घरी अमीरबींना कळलं तेव्हा त्यांनी थोडक्यात निकाल दिला. “उमरीका बोकड ठीक था. मरे हुए बाप को बीच में नको लाव.”

“सहा साल मैं घोरपडवाला होऊन राहिलो. एक दिवस त्याला बी होऊ दे.”

कार्यक्रमाला अर्धापूर, नांदेडहून तीनशे माणसं आली. शेषेरावांनी केळीच्या घडांची कमान केली होती. पडदा ओढला आणि हत्तरगे सर तीन रंगांच्या त्या जनावरासमोर काठी टेकून उभे राहिले. मग सुरू झाले.

“कपाळावरचं शिंग?”

“सापडलंय. म्हणून तपकिरी.”

“पुढचे हात?”

“सापडले न्हाईत. चुलत भावंडाचे आखूड होते, म्हणून पिवळे.”

“अंगावर पिसं का नाहीत?”

“दक्षिण अमेरिकेतल्या भावकीतल्या एकाच्या कातडीचा ठसा मिळालाय. खवले हायत, पिसं न्हाईत. म्हणून खवल्यांच्या रेघा पिवळ्या. कुठं पिसं असतील तं आपल्याला म्हाईत न्हाई, म्हणून लावली न्हाईत.”

“शेपटी?”

“वर.” हे खाजामियाँ असं म्हणाले की पहिल्या रांगेतले दोघे दचकले.

सरांनी दोन फेऱ्या मारल्या. काठीनं पायाची बोटं मोजली. शेवटी डोळ्यांसमोर थांबले. “आणि डोळे?”

“डोळ्याला पुरावा न्हाई.”

“बरोबर. मग इथंही लिहायला हवं, काल्पनिक म्हणून.” सर हे चांगल्या मनानं म्हणाले, समाधानानं म्हणाले. पण लोकांत कुणीतरी “घोरपड” म्हणून खोकलं आणि हशा झाला.

खाजामियाँनी माईक घेतला. सहा वर्षांची बरणी त्यांच्या हातात होती, झाकण अर्धं फिरलेलं होतं. “लिहितो सर. नियम सगळ्याला एकच. मग तुमच्या हॉलमधल्या चित्राखाली काय लिहू?”

“त्याचा इथं काय संबंध? ते फोटोवरून काढलंय.”

तीनशे माणसं वाट बघत होती. अमीरबी बायकांच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. खाजामियाँच्या ओठांवर पुढचं वाक्य आलेलं मला दिसलं. मग त्यांनी माईक खाली घेतला. “काही न्हाई,” ते म्हणाले. “च्या घ्या सगळ्यांनी.”

पण ज्या माणसानं चाळीस वर्षं दगडाच्या एका रेघेवरून नदी कुठं वळली ते सांगितलं, त्याला ‘काही न्हाई’ एवढं पुरतं. जेवणं झाल्यावर खाजामियाँ केळीच्या ओळीत हात धूत होते तेव्हा सर एकटे तिथं आले.

“कोणत्या फोटोवरून?”

खाजामियाँ हात धूत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

“खाजामियाँ, मी विचारतोय. चित्र तुमचं आहे ना? फोटो होता का?”

“मी जबान दिलेली हाय.”

“कुणाला?”

खाजामियाँनी नळ आणखी मोठा सोडला, आणि सरांना सगळं उत्तर मिळालं. ते नळाशेजारच्या कट्ट्यावर बसले. मग खिशातून लहानशी वही काढली. आधी तारीख लिहिली.

“कान?”

“तुमच्या चुलत्याचे.”

“कपाळ?”

“थोरल्या भावाचं.”

“मिशी?”

“आईनं सांगितली. तहसीलदारासारखी.”

“म्हणजे साक्षीदार आहे.” सरांनी तसं लिहिलं. “आणि डोळे?”

“आठवत न्हाई.”

आता थांबायला हवं होतं. पण मुरलेलं लोणचं आणि वाढून घेतलेलं ताट, दोन्ही टाकवत नाहीत. खाजामियाँ आपल्या सामानाकडं गेले, गोणपाट आणलं आणि पाटी सरांच्या मांडीवर ठेवली. “तुमच्या सल्ल्यानं ही मी माझ्या हातानं लिहिली. सहा वर्षं माझ्या जनावराखाली होती. आता तुमच्या हॉलमध्ये लावा.”

त्यांना वाटलं होतं, सर भडकतील, पाटी फेकतील, जातधर्म काढतील. तयारी सगळ्याची होती. सरांनी पाटी वाचली आणि म्हणाले, “बरोबर आहे.” पाटी काखेत घेतली आणि गाडीत जाऊन बसले.

बदला पूर्ण झाला. त्यानंतर तीन आठवडे खाजामियाँसारखा दुःखी माणूस देगलूर नाक्यावर नव्हता. आवडता तहारीचा भात समोर आला तरी दोन घास खाऊन उठायचे. कधी नव्हे ते मोराची मान हातात घेतली आणि परत ठेवली. “त्यानं खरंच लावली असंल का गं?” असं अमीरबींना रोज विचारायचे. अमीरबी एकदा म्हणाल्या, “जाके देखो. तुमकू बी पुरावा होना ना.”

ते गेले. सरांच्या पत्नीनं दार उघडलं. “या,” त्या म्हणाल्या, “बघा तुमच्या मित्राचं.” भिंतीवर अप्पा होते, हार होता, आणि हाराखाली, दोन स्क्रूंवर, वळणदार अक्षरात: हे शिल्प काल्पनिक आहे. खाजा आर्ट्स, नांदेड. थोरल्या भावानं ते पाहून घरी येणं बंद केलं होतं. पत्नी तीन आठवडे सरांशी फक्त खुणांनी बोलत होत्या.

सर खुर्चीत बसले होते. “पुरावा नाही तर नाही,” ते म्हणाले. “मी लोकांना आयुष्यभर हेच सांगितलं.” मग हळू आवाजात म्हणाले, “सोमवारी हार घालताना मात्र अडचण होते. कुणाला घालतोय ते कळत नाही.”

खाजामियाँनी पिशवीतून ब्रश काढला. ते कुठंही ब्रशाशिवाय जात नाहीत. “काढा ती पाटी खाली. खोटी हाय.”

“खोटी कशी?”

“ह्ये शिल्प न्हाई, चित्र हाय. आन् काल्पनिक म्हंजी सगळंच काल्पनिक व्हतंय. तुमच्या चुलत्याचे कान काल्पनिक हायत का? आईची साक्ष काल्पनिक हाय का?”

सर सावरून बसले. ही भाषा त्यांची होती. पुढचे दोन तास ते दोघं एकेका शब्दासाठी असे भांडले की सरांच्या पत्नीला पहिल्यांदा हायसं वाटलं. खाजामियाँना ‘बहुतेक खरं’ लिहायचं होतं, सरांना ‘बहुतेक’ हा शब्द मोघम वाटत होता. अखेर जुनी अक्षरं पुसून पाटीवर लिहिलं गेलं: ‘कपाळ व कान: नातेवाइकांवरून. मिशी: साक्षीदार, आई. डोळे: पुरावा नाही. चित्रकार, खाजामियाँ, नांदेड.’

“आता माझ्या जनावराचं,” खाजामियाँ म्हणाले. “शेपटी चुकली, ती मी उचलतो. पण घोरपड तुम्ही त्याच मुलांपुढं परत घ्यायची.”

“ती मुलं पास होऊन गेली.”

“मग आत्ताच्या मुलांपुढं घ्या. हसायला कुणीबी चालतंय.”

पुढच्या महिन्यात खाजामियाँनी लातूरला जाऊन करवतीनं शेपटी कापली, सळई घालून वर घेतली, आणि अंगावर तेच तीन रंग चढवले. सर माईकवर उभे राहिले. “मी सहा वर्षांपूर्वी या शिल्पाला सुजलेली घोरपड म्हणालो होतो,” ते म्हणाले. “ते विधान मागे घेतो. घोरपडीच्या अंगाच्या मानानं शेपटी याहून बरीच लांब असते. माझं निरीक्षण सदोष होतं.” मुलांना काही कळलं नाही. खाजामियाँनी मात्र ते वाक्य सुमय्याच्या मोबाईलवर भरून घेतलं. चहावाल्याला त्यांनी ते इतक्या वेळा ऐकवलं की आता चहावालाच बदल्याच्या गोष्टी करतो.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी खाजामियाँना विचारलं, “सगळं झालं. आता तरी सांगा, डोळे कुणाचे होते?”

ते हत्तीला टेकून बसले होते. “माझ्या अब्बाचे,” ते म्हणाले. “ज्याचे डोळे कुणाला आठवत नव्हते, त्या सगळ्यांना मी तेच दिले. मला तेवढेच पाठ होते. म्हातारी त्या डोळ्यांकडं बघून ‘हेच’ म्हणाली. मी कशाला बोलू?”

“म्हणजे सर सोमवारी...”

“हाव. सोमवारच्या सोमवार.” लाल दाढीतून हसू निघालं, उमरीच्या बोकडावर निघतं तसंच. “घोरपड म्हणाला होता मला.”

“मी हे छापलं आणि सरांनी वाचलं तर?”

“वाचू द्या. पुरावा मागंल तो. आन् पुरावा न्हाईच.” त्यांनी मोराची मान उचलली, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्या डोळ्याच्या खोबणीत बोट फिरवलं. “माझ्या अब्बाचा बी फोटो कधी निघाला न्हाई.”